दिसण्याची जबाबदारी : कुंडल परिसरातील रात्रवाहतूक आणि दुचाकीस्वाराच्या दृश्यमानतेचा इतिहास

प्रस्तावना

वाहनावरील दिव्याची कार्ये दोन असतात. चालकाला पुढची वाट दाखविणे हे पहिले कार्य आणि तो चालक इतरांना दिसेल अशी व्यवस्था करणे हे दुसरे. वाहतुकीच्या इतिहासात पहिल्या कार्याकडे जेवढे लक्ष दिले गेले, तेवढे दुसऱ्याकडे दिले गेले नाही. मोटारगाडीचा दिवा प्रखर होत गेला. परंतु त्या दिव्याच्या झोतात सापडणारा सायकलस्वार, बैलगाडीवान किंवा मोटारसायकलस्वार कसा दिसावा आणि तो दिसण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. अलीकडे दुचाकीस्वाराच्या हेल्मेटवर, जाकिटावर व पाठीवरच्या पिशवीवर दिवे आणि परावर्तक पट्ट्या लावण्याचा विचार पुढे आला आहे. हा विचार वरवर पाहता शहरी हौसेचा वाटतो. वस्तुतः त्याची गरज ग्रामीण रस्त्यावर अधिक आहे.

सांगली जिल्ह्यातील कुंडल हे गाव आणि त्याभोवतीचा पलूस, किर्लोस्करवाडी, भिलवडी, वांगी हा परिसर या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. येथे कारखान्याचा कामगार, दूध वाहणारा शेतकरी, ऊस वाहणारा गाडीवान आणि ट्रॅक्टरचालक हे सर्व एकाच अरुंद रस्त्यावर अंधारात एकत्र येतात. या परिसरातील रात्रवाहतुकीचा इतिहास तपासून दिसण्याची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे सरकत गेली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कुंडल परिसराची जडणघडण

स्वातंत्र्यपूर्व काळात कुंडल हे औंध संस्थानात होते. चारही बाजूंनी सातारा जिल्ह्याचा ब्रिटिश मुलूख आणि मध्ये संस्थानी गावे, अशी येथील रचना होती. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये आपला कारखाना बेळगावहून येथे आणला. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळचा तो माळ निवडुंगाने भरलेला होता. पुढे त्या स्थानकालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. याच लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आपल्या उद्योगाचा आरंभ केला होता, ही बाब दुचाकीच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

१९४८ मध्ये संस्थानाचे विलीनीकरण झाले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या पाणी उपसा योजना, पंप व इंजिने यांमुळे उसाचे क्षेत्र वाढले. कुंडल येथे जी. डी. बापू लाड यांच्या पुढाकाराने क्रांती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वांगी येथे सोनहिरा, साखराळे येथे राजारामबापू पाटील आणि रेठरे बुद्रुक येथे कृष्णा हे कारखानेही याच पट्ट्यात आहेत. भिलवडी येथे १९३९ पासून चितळे यांचा दुग्धव्यवसाय आहे. या सर्व उद्योगांची एक समान गरज म्हणजे अवेळी होणारी वाहतूक. दूध पहाटे निघते, कारखान्याची पाळी रात्री सुटते आणि गळीत हंगामात उसाची वाहने रात्रंदिवस चालतात.

अंधार : संरक्षण आणि संकट

कुंडलच्या इतिहासात अंधाराला एक वेगळा अर्थही आहे. १९४२ च्या आंदोलनानंतर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रति सरकार उभे राहिले आणि कुंडल हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. १९४३ मध्ये येथे तुफान सेनेची स्थापना झाली. भूमिगत कार्यकर्त्यांच्या दृष्टीने रात्रीचा काळोख हे संरक्षण होते. पोलिसांच्या नजरेस न पडता एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे यावर संघटनेचे अस्तित्व अवलंबून होते. न दिसणे हीच त्या काळची सुरक्षितता होती.

पुढील अर्धशतकात याच वाटांवर परिस्थिती नेमकी उलट झाली. पाऊलवाटांचे व गाडीवाटांचे डांबरी रस्ते झाले, वेग वाढला आणि न दिसणे हे जिवावरचे संकट ठरले. हा बदल एकाएकी झाला नाही. म्हणूनच तो पुष्कळदा लक्षात आला नाही.

कंदिलापासून डायनामोपर्यंत

जुन्या बैलगाडीच्या आखाला कंदील टांगलेला असे. त्या कंदिलाने गाडीवानास वाट दिसत नसे. वाट बैलांना ठाऊक असे. मागून व पुढून येणाऱ्यास गाडीची चाहूल लागावी हाच त्याचा मुख्य उपयोग. चालत्या गाडीखाली हेलकावे खाणारा तो मंद प्रकाश दुरून ओळखू येई. त्याच्या जोडीला लोखंडी धावेचा खडखडाट आणि बैलांच्या गळ्यातील घुंगरांचा आवाज असे. म्हणजे त्या काळी गाडी जेवढी दिसत असे त्याहून अधिक ती ऐकू येत असे.

रबरी टायरची गाडी आल्यानंतर बैलांचे श्रम कमी झाले, ओझे अधिक वाहता येऊ लागले. परंतु चाकांचा आवाज नाहीसा झाला. दुसरीकडे मोटारसायकलस्वाराच्या कानाशी त्याच्या स्वतःच्या इंजिनाचा आवाज घुमू लागला. अशा रीतीने ध्वनीवर आधारलेली ओळख संपली आणि सर्व भार दृष्टीवर पडला. नेमक्या याच काळात आखाला टांगलेला कंदीलही मागे पडला, हे या परिसराचे दुर्दैव म्हणावे लागेल.

सायकलीच्या बाबतीत शहरांमध्ये दिव्याची सक्ती होती. बिनदिव्याच्या सायकलस्वारास पोलिसांनी अडविणे हा महाराष्ट्रातील नगरजीवनाचा परिचित प्रसंग होता. रॉकेलचा दिवा, नंतर कार्बाईडचा व त्यानंतर चाकाला घासून चालणारा डायनामो असे टप्पे झाले. डायनामोचा दोष असा की सायकल थांबली की दिवा विझे आणि चढावर तो मंद होई. म्हणजे जेव्हा दिसण्याची सर्वाधिक गरज, तेव्हाच तो साथ देत नसे.

हाच दोष पुढे मोटारसायकलीत उतरला. राजदूत, जावा, लुना, चेतक यांसारख्या दुचाकी घरोघरी पोहोचल्या त्या काळात सहा व्होल्टची यंत्रणा प्रचलित होती. अनेक वाहनांत हेडलाइटला वीज बॅटरीतून न मिळता थेट इंजिनाच्या फिरण्यातून मिळत असे. इंजिनाचा वेग उतरला की दिवा पिवळा पडे. खड्ड्यात, वळणावर, चौकात वाहन हळू झाले की चालकास दिसणेही कमी व त्याचे दिसणेही कमी, अशी ही स्थिती होती.

कायद्याची वाटचाल

भारतात मोटार वाहनांविषयीचे कायदे १९१४, १९३९ व १९८८ असे तीन टप्प्यांत झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदा संस्थानी मुलखास आपोआप लागू होत नसल्याने कुंडलसारख्या गावाचा या व्यवस्थेत पूर्ण प्रवेश विलीनीकरणानंतरच झाला. १९८८ च्या कायद्यान्वये तयार झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने आणि पुरेसा उजेड नसेल तेव्हा वाहनाचे दिवे लावणे बंधनकारक आहे आणि समोरील १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसतील एवढा तो प्रकाश असावा लागतो. नियम १०४ नुसार मोटार वाहन व त्याला जोडलेली ट्रॉली यांच्या मागे दोन आणि मोटारसायकलीच्या मागे किमान एक लाल परावर्तक असणे आवश्यक आहे.

बैलगाडी मात्र यांत्रिक शक्तीने चालत नसल्याने मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ नुसार रस्त्यावरील वाहनांच्या दिव्यांविषयी नियम करण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनास आहे. परंतु मोटार वाहनाप्रमाणे नोंदणी, तपासणी व परवाना यांची साखळी बैलगाडीस नाही. त्यामुळे एकाच रस्त्यावर चालणाऱ्या दोन वाहनांपैकी एकाची दृश्यमानता कारखान्यातच निश्चित होते, तर दुसऱ्याची मालकाच्या ऐपतीवर व सवडीवर सोडली जाते.

दिसण्याची जबाबदारी कोणाची, हा वाद इतरत्रही झालेला आहे. ब्रिटनमध्ये १९२० व १९३० च्या दशकांत सायकलीला मागचा दिवा सक्तीचा करण्यास सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब या संस्थेने विरोध केला. मागून येणाऱ्याने पुढच्यास न धडकण्याएवढ्या वेगानेच वाहन चालवावे. पुढच्यावर दिव्याची सक्ती करणे म्हणजे मोटारचालकाची जबाबदारी दुर्बलावर ढकलणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसऱ्या महायुद्धात दिवाबंदी झाली आणि रस्त्यावरील मृत्यू वाढले, तेव्हा मागचा दिवा सक्तीचा झाला. सायकलस्वारांचा युक्तिवाद न्यायाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. परंतु अंधारात न्यायापेक्षा प्रकाश अधिक उपयोगी पडला. या दोन्ही बाजू लक्षात ठेवूनच पुढील विवेचन करावे लागते.

दुचाकीस्वार का दिसत नाही

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष तपासणी केली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालाने दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींत मोटारचालकास मोटारसायकल वेळेवर न दिसणे किंवा न ओळखू येणे हे प्रमुख कारण असल्याचे दाखविले. समोरून दुचाकीचा आकार अरुंद दिसतो. त्यामुळे ती आहे त्यापेक्षा दूर व हळू येत असल्याचा भास होतो. कुंडल परिसरात याला उसाची जोड मिळते. पुरुषभर उंचीच्या उसामधून निघालेली पाणंद जेथे रस्त्याला मिळते, तेथे दुचाकीचे पुढचे चाक रस्त्यावर येईपर्यंत ती कोणासच दिसत नाही.

दिवसाही हेडलाइट चालू ठेवण्याचा उपाय यातून पुढे आला. स्वीडनने १९७७ मध्ये सर्वच वाहनांना दिवसा दिवे बंधनकारक केले. मलेशियाने १९९२ मध्ये मोटारसायकलींसाठी ही सक्ती केली आणि तेथील दोन नगरांच्या अभ्यासात दृश्यमानतेशी निगडित अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींमध्ये इंजिन सुरू होताच आपोआप लागणारा हेडलाइट बंधनकारक झाला. आरंभी गावोगावी समोरून येणारा माणूस हाताची मूठ उघडझाप करून ‘दिवा चालू राहिला आहे’ असे खुणेने सांगत असे. दिवा हा फक्त वाट पाहण्यासाठी असतो, ही समजूत किती खोल रुजली होती, याचा तो पुरावाच होता.

अंगावरचा दिवा

वाहनावर दिवा असताना तो अंगावर कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या परिसरातील दुचाकीच्या वापरात सापडते. येथील दुचाकी हे मालवाहू वाहनही आहे. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागे वैरणीची पेंडी किंवा खताचे पोते असले की मागचा लाल दिवा, दिशादर्शक दिवे आणि परावर्तक हे तिन्ही झाकले जातात. हिवाळ्यात चालकाच्या अंगावर काळी घोंगडी किंवा गडद स्वेटर असतो. अशा वेळी ओझ्याच्या वर उरते ते फक्त चालकाचे डोके व खांदे. तेथे लावलेली पट्टी किंवा दिवा हीच मागून येणाऱ्यास मिळणारी एकमेव खूण ठरते.

अंगावरील खुणेची कल्पना रेल्वेनेही स्वीकारली होती. १९६४ मध्ये ग्लासगो येथे विद्युतीकरण झालेल्या मार्गावर काम करणाऱ्या कामगारांना चमकदार नारिंगी जाकिटे देण्यात आली. त्या जाकिटांना ‘काजवा’ या अर्थाचे इंग्रजी नाव पडले होते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील मोटारसायकलस्वारांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चमकदार अथवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांमध्ये दुखापतीच्या अपघाताची जोखीम ३७ टक्क्यांनी, तर काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट वापरणाऱ्यांमध्ये २४ टक्क्यांनी कमी आढळली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१६ पासून मोटारसायकलस्वाराने चमकदार जाकीट जवळ बाळगणे बंधनकारक आहे. भारतीय कायद्यातील कलम १२९ हेल्मेटचा विचार मात्र डोक्याचे आघातापासून रक्षण एवढ्यापुरताच करते.

येथे साधनांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. चमकदार रंग दिवसा उपयोगी पडतो, रात्री नाही. परावर्तक पट्टी रात्री उपयोगी पडते. परंतु दुसऱ्या वाहनाचा झोत तिच्यावर पडला तरच. आडव्या रस्त्याने येणाऱ्या वाहनाचा झोत दुचाकीस्वारावर पडत नाही, म्हणून तेथे स्वतः प्रकाशणारा दिवाच कामी येतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखविले की माणसाच्या सांध्यांवर लावलेले थोडे प्रकाशबिंदू हलू लागले की अंधारातही ‘हा माणूस आहे’ हे पाहणाऱ्यास तत्काळ कळते. त्यावरून मनगट, खांदे व डोके या हलणाऱ्या भागांवरील खुणा अधिक परिणामकारक ठराव्यात, असे म्हणता येते. मात्र मागे लाल व पुढे पांढरा हा संकेत पाळला पाहिजे. पुढच्या बाजूस लाल दिवा दाखविणे नियमबाह्य आहे. तसेच हेल्मेटच्या कवचाला छिद्र पाडून दिवा बसविणे म्हणजे एक संरक्षण देऊन दुसरे काढून घेणे होय.

उसाची ट्रॉली आणि दुचाकीस्वार

दुचाकीस्वार स्वतः कितीही उजळला तरी पुढे उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली त्याला दिसेलच असे नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी दर सेकंदाला सोळा मीटरहून अधिक अंतर कापते. धोका ओळखून ब्रेक लावण्यात दीड-दोन सेकंद जातात आणि त्यानंतर वाहन थांबण्यास आणखी अंतर लागते. एकूण पन्नास मीटर सहज होतात. धुळीने माखलेली ट्रॉली, तिच्यामागे लोंबणारे उसाचे वाढे आणि समोरून येणाऱ्या वाहनाचा डोळे दिपविणारा झोत, अशा स्थितीत ती पन्नास मीटरवरून ओळखू येणे कठीण असते.

नियम १०४ नुसार ट्रॉलीस परावर्तक असावा लागतो, आणि बहुधा तो असतोही. परंतु तो साट्याच्या लोखंडावर असतो आणि ऊस त्याच्याही मागे लोंबतो. मागच्या दिव्याची वायर ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीत व तेथून दुसरीत जाते. एक जोड निखळला की दोन्ही अंधारात जातात. म्हणूनच गळीत हंगामाच्या प्रारंभी परिवहन विभाग, पोलीस व साखर कारखाने गाडीतळावर बैलगाड्यांना व ट्रॉल्यांना परावर्तक लावण्याची मोहीम घेतात. कापडी परावर्तक उसाच्या मोळ्यांवर बाहेरून बांधणे ही त्यातील सर्वांत उपयुक्त पद्धत होय, कारण ती भार झाकू शकत नाही.

यातील सामाजिक विषमताही नोंदविली पाहिजे. बैलगाडी हाकणारा बहुधा मराठवाड्यातून हंगामापुरता आलेला ऊसतोड मजूर असतो. दिवा विकत घेण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे म्हणजे सर्वांत कमी मिळकत असणाऱ्यावर सर्वांच्या सुरक्षिततेचा खर्च टाकणे होय. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या आणि त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. म्हणजे रस्त्यावर न दिसणारा व न पाहू शकणारा हे दोघेही बहुधा कष्टकरीच असतात.

निष्कर्ष

१. वाहनाच्या रचनेतच समाविष्ट झालेला प्रकाश टिकला. व्यक्तीच्या इच्छेवर सोडलेला प्रकाश टिकला नाही. २०१७ नंतरचा आपोआप लागणारा हेडलाइट हे पहिल्याचे आणि नाहीसा झालेला बैलगाडीचा कंदील हे दुसऱ्याचे उदाहरण होय.

२. ग्रामीण दुचाकी ही मालवाहू असल्याने वाहनावरील मागचा दिवा पुरेसा ठरत नाही. चालकाच्या हेल्मेटवर, खांद्यावर व सर्वांत बाहेरच्या वस्त्रावर खूण असणे येथे चैनीचे नसून गरजेचे आहे.

३. अंगावरील दिवा हा ट्रॉलीवरील परावर्तकाला पर्याय नाही. पहिल्याची जबाबदारी व्यक्तीची असली तरी दुसऱ्याची जबाबदारी ज्याच्यासाठी वाहतूक होते त्या संस्थेची आहे. दूध संकलन केंद्र व साखर कारखाना यांनी कॅन, वजनाची पावती याप्रमाणेच परावर्तक पट्टा हाही व्यवहाराचा भाग मानल्यास खर्च अल्प व परिणाम मोठा होईल.

४. शाळा-महाविद्यालयांतील रस्ता सुरक्षा सप्ताहात हेल्मेटसोबत दृश्यमानतेचा विचार मांडला गेला पाहिजे. विद्यार्थी स्वतःच पहाटे दूध घालून महाविद्यालयात येणारे असतात.

ज्या कुंडलच्या वाटांवर एके काळी अंधाराने स्वातंत्र्यसैनिकांचे रक्षण केले, त्याच वाटांवर आज दुचाकीस्वाराचे रक्षण प्रकाशानेच होऊ शकते. तो प्रकाश कोणी पुरवायचा याचे उत्तर प्रति सरकारच्याच परंपरेत आहे. गावाचे काम गावाने मिळून करावे, ही त्या चळवळीची शिकवण होती. रात्री रस्त्यावर असलेला माणूस सुखरूप घरी पोहोचणे, हेही गावाचेच काम आहे.